खोड सांगा

माणसाला पाठमोरं ओळखणारा आणि समोरून आला तर "आपण कोण?" असं विचारणारा उभ्या नगर जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो म्हणजे आमचे सर. सर हाडांचे डॉक्टर आहेत, गुडघे बदलतात. नगरच्या ज्या हॉस्पिटलात ते ऑपरेशन करतात, तिथे मी एकवीस वर्षं थिएटरची सिस्टर आहे. तरी अजून जिन्यात समोरासमोर गाठ पडली की ते क्षणभर माझ्याकडे परक्या नजरेने बघतात. मी चार पायऱ्या पुढे गेले की मागून आवाज येतो, "अरे, सिस्टर तुम्ही होय! चालीवरून कळलं." चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नाहीत, टाचा राहतात. तिसगावला आमच्या वॉर्डातल्या एका नर्सच्या मुलीचं लग्न होतं. सगळा मांडव नवरीकडे बघत होता आणि सर बघत होते नवरीच्या आत्याकडे, कारण अक्षता वाटत फिरताना ती बाई डाव्या पायावर भार टाकत नव्हती. मंगलाष्टकं संपायच्या आत सरांनी तिला गाठून एक्स-रे काढायला सांगितलं होतं. वर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तोंड खोटं बोलतं सिस्टर, टाच नाही बोलत." त्या आत्याचा गुडघा पुढे त्यांनीच बदलला.

या खुळाचं मूळ घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आहे. सरांचे वडील हेडी, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारे. बैल घ्यायचा तर ते आधी दात बघत नसत. त्याला पन्नास पावलं चालवायला लावत आणि स्वतः मागे उभे राहत. मग शेजारी जो कोणी असेल, चहावाला असो की शेळी विकायला आलेली म्हातारी, त्याला विचारत, "यात काय खोड दिसती का? सांगा." स्वतःच्या भावाला आणि मुलाला मात्र चुकूनही विचारत नसत. "घरच्या मानसाला खोड इचारू नये, त्येला दिसली तरी त्यो गप बसतो," हे वडिलांचं वाक्य सरांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय, की ते सुरू झालं की आमच्या सफाईच्या मावशी पुढचं पुरं करून टाकतात. सरांची भाषा एरवी शिकलेल्या माणसाची आहे. रागावले की ते इंग्रजीत शिरतात आणि घाबरले की घोडेगावात. रागावलेले मी पुष्कळदा पाहिले होते. घाबरलेले मात्र एकदाच पाहिले, आणि तेव्हा टेबलावर माझी आई होती.

ते सांगण्याआधी सरांचा फळा सांगितला पाहिजे. पेशंट पहिल्यांदा आला की सर त्याला विचारतात, "पाय कशाला पाहिजे?" पेशंट म्हणतो, दुखतोय. सर म्हणतात, "दुखतोय ते दिसतंय मला. पाहिजे कशाला, ते सांगा." आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसून राहतात. बाहेर रांग खोळंबते, तरी यांचं आपलं चालूच. मग ऑपरेशनच्या दिवशी ते उत्तर थिएटरच्या पांढऱ्या फळ्यावर पेशंटच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लिहितात, तेही पेशंट जसा बोलला तसंच. एका आजींनी सांगितलं होतं, "सुनंसंगं भांडान झालं की तरातरा उठून जाता आलं पायजे. आता तितंच बसून समदं ऐकावं लागतंय." ते शब्दशः फळ्यावर आलं आणि भूल देणाऱ्या मॅडमना हसू आवरेना. झेंडीगेटचे एक वृद्ध चाचा म्हणाले, खाली बसून नमाज पढायचा आहे. सरांनी त्यांच्याशी अर्धा तास बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "गुडघे टेकण्याचा शब्द मी देणार नाही चाचा. नमाज खुर्चीवर होईल. पण मशिदीच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढाल, हा शब्द." चाचांनी मान हलवली आणि फळ्यावर पायऱ्या लिहिल्या गेल्या.

आता ट्रायल. गुडघा बदलायचा म्हणजे हाडांची झिजलेली टोकं कापून वरच्या हाडाला धातूची टोपी आणि खालच्या हाडावर धातूची थाळी बसवायची आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवायची. पण खरा सांधा थेट बसवत नाहीत. आधी त्याच मापाचे नुसते चाचणीचे तुकडे लावून, पाय हलवून, वाकवून बघतात. सगळं जुळलं तर ते काढायचे आणि खरा सांधा सिमेंटने कायमचा चिकटवायचा. बाकीचे डॉक्टर हे सात-आठ मिनिटांत उरकतात. आमचे सर बांगड्या भरायला बसलेल्या बाईसारखे, "नऊची चकती द्या. दहाची द्या. अकराची बघू. परत दहाची द्या." सांध्याच्या पेट्या घेऊन येणारा कंपनीचा टकलू माणूस कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात देवाचं नाव घेत असतो. थिएटरमध्ये गाणी नाहीत, मोबाईल नाही, कुजबुज नाही, कारण सरांना सांधा ऐकायचा असतो. पाय सरळ करून टाच उचलून धरतात, डावीकडे-उजवीकडे दाबून सांधा किती उघडतो ते बघतात. मांडी धरून नडगी नुसती सोडून देतात, तिच्या वजनाने ती किती वाकते ते बघायला. गुडघ्याची वाटी अंगठा न लावता आपली आपण सरळ रेषेत घसरते का, तेही बघतात. एवढं झाल्यावर, खऱ्या सांध्याचा खोका उघडण्याआधी, हात छातीशी धरून म्हणतात, "खोड सांगा."

मग खोलीतल्या प्रत्येकाने बोलायचं. असिस्टंट डॉक्टर, भुलीच्या मॅडम, मी, कंपनीचा माणूस आणि दारापाशी उभ्या सफाईच्या मावशीसुद्धा. सगळ्यांनी "खोड नाही" म्हटल्याशिवाय खोका उघडत नाही. नवीन आलेल्या डॉक्टरांना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. मलाही वाटायचा. पण एकदा मावशी दारातून म्हणाल्या, "पाऊल भाईर बघतंय जनू." सगळे हसलो. सरांनी पाहिलं तर खरंच खालची थाळी जराशी फिरली होती आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळत होतं. थाळी फिरवून पुन्हा बसवली. तेव्हापासून दर वर्षी सर मावशींना स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, आणि चष्म्याचा नंबर वाढला की सरांचाच चेहरा पडतो.

आई जामखेडकडच्या आमच्या गावी राहते. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात डावा फारच. माझ्याकडे नगरला यायचं ती टाळत होती. का, ते सरांसमोर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं. सरांनी विचारलं, "पाय कशाला पाहिजे?" आई पदराशी चाळा करत म्हणाली, "यष्टीची पायरी चढायची हाय. मागल्या बारीला कंडक्टरनं बखोटीला धरून वर घेतलं. समदी गाडी बघत हुती. तवापासनं मी गाडीत बसले न्हाई." मला फोनवर सांगायची, कामं लई हायती. सर उठले, बसस्टँडवर गेले आणि टेप लावून एसटीच्या पायरीची उंची मोजून आले.

मी सरांना म्हटलं, आईच्या ऑपरेशनला हात धुऊन, हत्यारं द्यायला मीच उभी राहणार. सर नाही म्हणाले. मी आठवडाभर मागे लागले. शेवटी ते म्हणाले, "त्या खोलीत ती तुमची आई नाही, पेशंट आहे. जमेल?" मी म्हटलं, जमेल. एकवीस वर्षांत त्यांच्याशी मी एवढं मोठं खोटं बोलले नव्हते.

आईचं हृदय थोडं अशक्त होतं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "सर, हिला फार वेळ टेबलावर ठेवायचं नाही." कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. आई जागी होती, हिरव्या पडद्यापलीकडे. करवत चालली तेव्हा ती मॅडमना विचारत होती, "बाई, हितं बांधकाम चाललंय का?" मॅडम म्हणाल्या, तुमचंच चाललंय. मी हत्यारं हातात देत होते आणि समोरच्या हाडाकडे फक्त हाड म्हणून बघायचा प्रयत्न करत होते. पण त्या नडगीवर गुडघ्याखाली एक जुना पांढरा व्रण होता. विळा लागून झालेला. तो मला लहानपणापासून पाठ होता.

ट्रायल लावली. पाय सरळ असताना सगळं छान. दहाची चकती नेमकी बसली. तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, "सर, बीपी खाली जातंय." सर "हूं" म्हणाले. त्यांनी गुडघा वाकवायला सुरुवात केली. वाटी जागेवर बसवली की छेद उघडा राहतो तो आतल्या अंगाने, आणि डाव्या पायाचं आतलं अंग म्हणजे माझी बाजू. सर पलीकडे होते. पाय काटकोनाच्या पुढे गेला आणि मला दिसलं, चकतीची पुढची कड थाळीवरून उचलली गेली. नखाएवढी. पाय सरळ केला की खाली बसली. पुन्हा वाकवला, पुन्हा उचलली.

याचा अर्थ मला ठाऊक होता. सांध्याच्या मागचं लिगामेंट ताठ आहे. असाच चिकटवला तर पाय सरळ राहील, दुखायचाही थांबेल, घरातल्या घरात आई आरामात चालेल. पण पुरता वाकणार नाही. उंच पायरीवर पाऊल ठेवायला तो वाकावाच लागतो.

"नव्वदच्या खाली आलंय," मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. "सर, आवरा." सलाईन वाढवलं, औषध दिलं. पडद्याआडून आईचं बोलणं बंद झालं होतं. सरांनी हात छातीशी धरले. "खोड सांगा."

"खोड नाही," असिस्टंट म्हणाला. "नाही," मॅडम म्हणाल्या, त्यांचे डोळे मॉनिटरवर होते. कंपनीचा माणूस म्हणाला, नाही. मावशी म्हणाल्या, "मला तरी दिसत न्हाई." राहिले मी. मला वाटत होतं, हे संपावं. आईला या टेबलावरून आत्ताच्या आत्ता खाली घ्यावं, पायरी नाही चढली तर नाही चढली, मी रिक्षाने घेऊन येईन, खांद्यावर घेऊन येईन, पण ती जिवंत खाली उतरावी.

"खोड नाही," मी म्हटलं.

"उघडा," सर म्हणाले. कंपनीच्या माणसाने खोका फोडला. ट्रायलचे तुकडे अजून पायातच होते, कारण सिमेंट कालवायला घेतल्यावरच सर ते काढतात. आणि सिमेंट कालवायचं काम सिस्टरचं. मी भांड्यात पावडर ओतली. आता वरून द्रव ओतायचा, कालवायचं, आणि मग हातात मोजकी मिनिटं. पुढे तो दगड होतो, मागे फिरणं नाही. मी द्रवाची कुपी फोडून हातात धरली आणि भांड्यावर तिरकी करणार, तोच माझं लक्ष फळ्याकडे गेलं. आईच्या नावापुढे सरांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "यष्टीची पायरी." मी कुपी पुन्हा सरळ केली.

"सिस्टर?" सर म्हणाले.

"सर, खोड आहे."

सरांच्या कपाळावर घाम दिसला. "कुठं हाय?" ते म्हणाले. "दाव."

घोडेगाव. सर घाबरले होते. मी चिमट्याच्या टोकाने जागा दाखवली. सर टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले. एकवीस वर्षांत ते कधी या बाजूला उभे राहिले नव्हते. असिस्टंटला पाय वाकवायला सांगून ते स्वतः खाली वाकले, तेव्हा त्या शांततेत एक गुडघा करकरला. तो आईचा नव्हता. त्यांनी चकतीची कड उचलली जाताना पाहिली. दोनदा पाहिली. "हाय," एवढंच म्हणाले.

"सर, दहा मिनिटं. त्याहून जास्त मी देणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"सात द्या."

चकती काढली. मागच्या लिगामेंटचे ताठलेले धागे सर थोडे थोडे सैल करू लागले. थोडे सोडायचे, चकती घालायची, वाकवून बघायचं, पुन्हा काढायची. जास्त सोडले तर सांधा ढिला पडणार, कमी सोडले तर केलं न केलं सारखंच. मी मनात आकडे मोजत होते आणि प्रत्येक आकड्याबरोबर मॉनिटरकडे बघत होते. एवढ्यात पडद्यापलीकडून अगदी बारीक आवाज आला, "काय झालंया?"

"काही नाही आजी," मॅडम म्हणाल्या, "एक खोड निघाली."

"मग हितंच काढा बाई. घरी नेल्यावर काय उपेग?"

मावशी दारात तोंडाला पदर लावून हसल्या आणि मला त्या मास्कच्या आत रडू फुटलं. हात मात्र सरळ ठेवले. चौथ्या वेळी सरांनी पाय वाकवला आणि कड जागची हलली नाही. काटकोन, त्याच्याही पुढे, चकती थाळीला धरून. आणि अशा वेळीही त्या माणसाने हात छातीशी धरले आणि पहिल्यापासून सगळ्यांना पुन्हा विचारलं, "खोड सांगा." या खेपेला कोणी मॉनिटरकडे बघत उत्तर दिलं नाही. प्रत्येक जण पुढे वाकून बघून मग बोलला. मी सगळ्यात शेवटी म्हटलं, "खोड नाही सर," आणि ते खरं होतं.

सिमेंट कालवलं. खरा सांधा बसवताना हातोडीचा आवाज आधी बद्द येतो आणि शेवटच्या ठोक्याला स्वच्छ टणकारतो. तो टणकारा आला. मग सर पाय सरळ धरून, डोळे मिटून उभे राहिले. हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवलेली उरल्या सिमेंटची गोळी मी दर मिनिटाला आपटून बघत होते. ती खडा होऊन वाजली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बीपी वर येतंय."

नंतर सर उभ्याउभ्या बशीतून चहा पीत होते. मला म्हणाले, "पहिल्या वेळी दिसत होतं ना?"

"हो सर."

"मला दिसत नव्हतं. माझ्या बाजूने दिसणारच नव्हतं. बैलाच्या चारी बाजूंना एका माणसाला उभं राहता येत नाही, म्हणून विचारायचं असतं." त्यांनी चहा संपवला. "घरचा माणूस गप्प बसतो. तुम्ही अर्धंच मिनिट बसलात." मला वाटलं, ते रागावतील. ते इंग्रजीत गेले नाहीत, हे बघून मला जास्तच लाज वाटली.

तीन महिन्यांनी आई गावी परत निघाली. सर स्टँडवर आले. आईच्या मागे दहा पावलांवर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि तिची चाल बघत राहिले. जामखेडची गाडी लागली. मी हात पुढे केला, तो आईने झटकला. एका हाताने दांडी धरली, डावं पाऊल उचललं, पायरीवर ठेवलं आणि वर गेली. कंडक्टर मोबाईलमध्ये होता, त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचा फार आनंद झाला.

आई खिडकीत बसली. सर निरोप घ्यायला फलाटाच्या कडेने पुढे गेले आणि एक पायरी तिरके होऊन, खांब धरून उतरले. आईने ते खिडकीतून पाहिलं आणि बाहेर तोंड काढून म्हणाली, "डाक्टर, तुमचा उजवा गुडगा गेलाय की वो! कुनाला दावलाय का न्हाई?"

गेलं वर्षभर आम्हाला थिएटरमधल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तो गुडघा करकरताना आम्ही ऐकलाही होता. रोज सर आम्हाला विचारत होते, खोड सांगा, आणि आम्ही दुसऱ्यांच्या गुडघ्यांत बघत होतो. एकानेही तोंड उघडलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"दाखवीन," सर आईला म्हणाले.

"दावा. आन् पाय कशाला पायजे?"

गाडी सुरू झाली होती. मला वाटलं, सर पटकन काहीतरी सांगतील, दुसऱ्यांची उत्तरं तर त्यांना शेकड्यांनी पाठ आहेत. पण त्यांचा सगळा जन्म टेबलापाशी उभं राहण्यात गेला, आणि टेबलापाशी आता फार दिवस उभं राहायचं नाही, हे त्यांना आमच्याआधी कळलं असावं. गाडी हलली तेव्हा ते तिच्याबरोबर चार पावलं लंगडत गेले आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

त्याला आता बरेच महिने झाले. थिएटरच्या फळ्यावर उजव्या कोपऱ्यात मी सरांचं नाव लिहून ठेवलं आहे आणि पुढची जागा मोकळी सोडली आहे. मावशी रोज फळा पुसतात आणि तेवढा कोपरा सोडतात. सर रोज आत येतात, तिकडे बघतात आणि हात धुवायला जातात.